गोल झाल्यावर ओरडायचं की थांबायचं? (इंग्लिश फुटबॉल, व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी वगैरे)

सदाशिवपेठी_गनर
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकतो. मी आर्सेनलचा. २००३-०४ ला वेंगरच्या टीमने अख्खा सीझन न हरता लीग काढली तेव्हा कॉलेजात होतो आणि तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ राखीव आहे, घरच्यांनी पण आता नाद सोडलाय. तर मुद्दा असा की हल्ली आपला गोल झाला तरी मी ओरडत नाही. आधी लाइन्समनचा झेंडा बघतो, मग रेफरीचा हात कानाकडे जातोय का ते बघतो, मग स्क्रीनवर ती "चेकिंग" ची पट्टी येते, मग लंडनजवळच्या स्टॉक्ली पार्कात बसलेला कुणीतरी फ्रेम मागे-पुढे करत बसतो, आणि गोल एकदाचा मिळाला की माझ्या आनंदाची गार भजी झालेली असतात.

२०१९-२० ला व्हीएआर आणलं तेव्हा सांगितलं काय, तर ढळढळीत चुका तेवढ्या सुधारणार. पहिल्याच सीझनला व्हिलाविरुद्ध फिर्मिनोची काख ऑफसाइड, म्हणजे बचाववाल्यांच्या पुढे, निघाली! काख! लिव्हरपूलचा गोल गेला म्हणून तेव्हा मी पोटभर हसलो, पण खेळ म्हणून हे काय चाललंय?

प्रश्न सरळ आहे. काढून टाकावं का व्हीएआर? आणि जोडप्रश्न, इंग्लिश फुटबॉलच बिघडलंय का माझं वय झालंय?

तालमीचा_गोली
वय झालंय. पुढचा प्रश्न.

क्रिकेटवेडा_काका
यात एवढं रडण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. क्रिकेटमध्ये डीआरएस आलं तेव्हा पण असाच गळा काढला होता, आपल्याच बोर्डाने किती वर्षं विरोध केला. आज डीआरएसशिवाय मॅच बघवत नाही. तंत्रज्ञान आहे तर वापरा की.

सदाशिवपेठी_गनर
काका, क्रिकेट प्रत्येक बॉलनंतर थांबतंच. बॉल संपला, सगळे चालत आपापल्या जागी निघाले, त्या वेळात तुम्ही अल्ट्राएज बघा नाहीतर चहा टाका. फुटबॉलमध्ये तीन तास बसून (हो, आधीची चर्चा धरून) एखादाच गोल बघायला मिळतो आणि नेमका तोच क्षण तुम्ही काढून घेता. फरक आहे.

लालपरी
(आयडी एसटीवरून नाही, लिव्हरपूलवरून आहे, दर धाग्यात विचारू नका.)

खरं तर माझ्याइतकं कारण कुणाकडेच नाही व्हीएआरला शिव्या द्यायला. ३० सप्टेंबर २०२३, स्पर्सच्या मैदानावर, लुईस डियाझचा गोल. लाइन्समनने ऑफसाइड दिला, रिप्लेत स्पष्ट दिसत होतं की नाहीये, आणि व्हीएआरवर बसलेल्या माणसाला वाटलं की मैदानावर गोल दिलाय, म्हणून "चेक कम्प्लीट" म्हणून मोकळा! खेळ सुरू झाला आणि मग त्यांना कळलं काय घोळ घातलाय ते. पण नियम असा की खेळ एकदा सुरू झाला की मागे जाता येत नाही. नंतर ऑडिओ बाहेर काढला त्यांनी, त्यात ते गडबडलेले आवाज ऐकून मला रडावं का हसावं कळेना. आणि मॅच गेली कशी, तर शेवटच्या मिनिटांत आमच्याच मातिपच्या पायाने. २-१.

तरी मी म्हणते राहू दे. चूक मशीनची नव्हती, माणसांची होती. व्हीएआर नव्हतं तेव्हा काय सगळं छान होतं का? जानेवारी २००५, ओल्ड ट्रॅफर्डवर स्पर्सच्या पेद्रो मेंडेसने हाफलाइनवरून मारलेला बॉल युनायटेडच्या कीपरने सरळ गोलच्या आतून बाहेर काढला आणि तो गोल दिलाच नाही. शेजारच्या गॅलरीतल्या लहान पोरालाही दिसला असता तो.

निळा_चांद
@लालपरी ते काम गोललाइन टेक्नॉलॉजीचं आहे, व्हीएआरचं नाही. रेफरीच्या मनगटावर घड्याळ वाजतं ते २०१३ पासून आहे आणि त्याला कुणाचाच विरोध नाही.

लालपरी
ते पण एकदा झोपलं होतं ना. जून २०२०, लॉकडाऊननंतरची पहिलीच मॅच, व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड, व्हिलाचा कीपर बॉल घेऊन गोलमध्ये गेला आणि घड्याळ वाजलंच नाही. मॅच ०-०. सीझनच्या शेवटी व्हिला एका पॉइंटने वाचले आणि बोर्नमथ खालच्या डिव्हिजनला गेले. बोर्नमथवाल्यांना विचार तंत्रज्ञान कसं वाटतं ते.

निळा_चांद
मान्य. पण मी गनर भाऊंच्या बाजूचा आहे. १३ मे २०१२, आमच्या सिटीचा अगुएरो, ९३ मिनिटं २० सेकंद. चव्वेचाळीस वर्षांनी लीग. तो शर्ट काढून गरगर फिरवत पळतोय, अख्खं मैदान वेडं झालंय, आणि आता कल्पना करा की त्याच वेळी रेफरी कानाला हात लावून उभा आहे... चार मिनिटांनी गोल दिला असता तरी तो क्षण मेलाच असता.

झोपाळू_रेड_डेव्हिल
आम्हा युनायटेडवाल्यांना चाललं असतं हो ते चार मिनिटांचं चेक, त्या गोलने लीग आमचीच गेली.

बाकी सिटीच्या माणसाने चेकिंगबद्दल बोलावं म्हणजे कमाल आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पैशाच्या नियमांवरून शंभरावर आरोप ठेवलेत तुमच्यावर, एकशे पंधरा का किती ते.

निळा_चांद
आरोप आहेत, सिद्ध नाहीत. आणि तुमचा क्लब २०२४-२५ ला पंधराव्या नंबरवर होता, तिथून आवाज स्पष्ट येत नाही.

तालमीचा_गोली
पॉपकॉर्न घिऊन बसलोय. चालू द्या.

पाटील_लँकेशायर
नमस्कार. वाचनमात्र असतो, पण या विषयावर राहवलं नाही. मी गेली बरीच वर्षं ब्लॅकबर्नपासून जवळच राहतो आणि ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने इवूड पार्कला जायला लागलो. दुसऱ्या डिव्हिजनला म्हणजे चॅम्पियनशिपला व्हीएआर नाहीये. गोल झाला, सगळ्यांची मान एकदम झेंड्याकडे वळते, झेंडा खाली आहे, संपला विषय, शेजारचा अनोळखी म्हातारा तुम्हाला मिठी मारतो. चुका होतात, खूप होतात, आणि त्या चुकांवर मग पबमध्ये रात्रभर वाद होतो, तो पण तिकिटाच्या पैशातच धरायचा. घरी बसून प्रीमियर लीग बघणाऱ्याला निदान रिप्ले तरी दिसतो हो, मैदानात बसलेल्याला वर्षानुवर्षं काहीच कळत नव्हतं. आता कुठे रेफरी माइकवर सांगायला लागलेत. म्हणजे ज्याने तिकीट काढलं तो अंधारात, आणि सोफ्यावरचा उजेडात.

त्यामुळे गनर साहेब, तुमचं वय झालेलं नाही. तुम्ही एक डिव्हिजन खाली या.

तालमीचा_गोली
ब्लॅकबर्न म्हंजे आपल्या पुण्याचं की हो!! कोंबडीवाल्यांचं!!

सदाशिवपेठी_गनर
झालं. आता धागा कोंबडीवर जाणार.

पाटील_लँकेशायर
हाहा. इथे मी पुण्याचा आहे हे सांगताना अजूनही जरा आवाज खाली करतो :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीजने हा क्लब २३ मिलियन पाउंडला घेतला. क्लब साधासुधा नाही, १८७५ चा, १८८८ ला फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारातला एक. १९९४-९५ ला प्रीमियर लीग जिंकलेली, जॅक वॉकर म्हणून गावातलाच स्टीलवाला, त्याने पैसा ओतला, डॅलग्लिश मॅनेजर, शिअरर पुढे. शेवटच्या दिवशी अॅनफिल्डवर हरले तरी चॅम्पियन, कारण तिकडे युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरीच करता आली.

वेंकीजने आल्यावर महिन्याभरात मॅनेजर अॅलरडाइसला काढलं, तेव्हा टीम तेराव्या नंबरवर होती. मग स्टीव्ह कीन. मे २०१२ ला विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून खाली गेले, त्या मॅचमध्ये कुणीतरी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. पुढच्या सीझनला मॅनेजरांची रांगच लागली, हेनिंग बर्ग ५७ दिवस, अॅपलटन ६७ दिवस. २०१७ ला तर तिसऱ्या डिव्हिजनला गेले, एका वर्षात परत आले. आता हेही सांगायला पाहिजे की मालकांनी वर्षानुवर्षं पैसा घातलाय, क्लब बंद पडू दिला नाही, शेजारचा बरी नावाचा क्लब २०१९ ला लीगमधून हाकलला गेला तसं इथे झालं नाही. पण स्टँडमधल्या लोकांना विचारलं तर ते एवढंच म्हणतात की मालक मॅचला दिसत नाहीत. पैशापेक्षा त्यांना ते जास्त लागतं.

लालपरी
आणि ती जाहिरात! ड्रेसिंगरूममध्ये बसून प्लेयर मॅचआधी चिकनच्या तंगड्या खातायत! मी ती बघून खुर्चीतून पडले होते.

म्हापशेकार
शेबी सिंग आठवतो का कुणाला? ईएसपीएन स्टारवर जॉन डाइक्सबरोबर बसायचा, मलेशियाचा. आमच्या पिढीला प्रीमियर लीग शिकवली ती त्या सिंगापूरच्या स्टुडिओने. तो माणूस २०१२ ला ब्लॅकबर्नचा ग्लोबल अॅडव्हायझर झाला! टीव्हीवर बसून सल्ले देता देता खराच सल्लागार. मला तर वाटलं आता आमच्या तावेर्नातल्या बाबुशलाही कुठूनतरी फोन येणार.

पाटील_लँकेशायर
@म्हापशेकार त्याने आल्या आल्या क्लबच्याच प्लेयरला, गॅम्स्ट पेडरसनला, पेन्शनर म्हटलं होतं, फॅन्सच्या मीटिंगमध्ये. इथे अजून किस्सा सांगतात.

तालमीचा_गोली
आमचा अनिकेत जाधव, अंडर-१७ वर्ल्डकपवाला, तो पण ब्लॅकबर्नला ट्रेनिंगला गेलता २०१९ ला. शाहू स्टेडियमवर खेळलेलं पोरगं तिकडं. तेवढं एक चांगलं झालं बघा पुण्याच्या कनेक्शननं.

आणि गनर भावा तुझा प्रश्न आम्हाला पडतच न्हाई. आमच्या कोल्हापुरात पाटाकडील-प्रॅक्टिस या टीमांची मॅच बघायला ये एकदा, गोल झाला का न्हाई हे प्रेक्षकच ठरवतेत. रेफरी नुस्ता मान हलवतोय.

क्रिकेटवेडा_काका
मग पोलीस ठरवतात.

तालमीचा_गोली
काका 😂 ते पण आहे. पण एक सिरियस बोलतो. आमच्यात तालीम पेठेची असते. मालक बिलक काय न्हाई, गल्लीतली पोरं, गल्लीतली वर्गणी. इंग्लंडात पण सुरवातीला असंच असणार की, गिरणीतली पोरं, चर्चची पोरं. मग ते अबू धाबी न् अमेरिकेच्या हातात गेलं कसं?

झोपाळू_रेड_डेव्हिल
कसं गेलं ते आमच्याकडून ऐक. २००५ ला ग्लेझर कुटुंबाने क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे तुझी तालीम विकत घ्यायला मी कर्ज काढायचं आणि हप्ते तालमीने भरायचे. चिडून काही लोकांनी त्याच वर्षी वेगळा क्लबच काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, अजून खेळतो खालच्या लीगमध्ये. बाकीचे आम्ही शिव्या देत ओल्ड ट्रॅफर्डच बघत राहिलो. वीस वर्षं शिव्या देतोय आणि जर्सी पण घेतोय.

सदाशिवपेठी_गनर
सुपर लीगच्या, म्हणजे बड्या क्लबांनी स्वतःची वेगळी लीग काढायची ठरवली त्या वेळी मात्र लोकांनी दाखवलं. एप्रिल २०२१, सहा इंग्लिश क्लब, आमचं पण नाव त्यात, लाज वाटली होती. रविवारी जाहीर केलं, मंगळवारी रात्री सगळे पळाले. चेल्सीच्या मैदानाबाहेर लोकांनी बस अडवली, त्यांचा जुना कीपर पीटर चेक स्वतः खाली येऊन हात जोडत होता.

पाटील_लँकेशायर
लोक ऐकतात तेव्हा ऐकतात, फक्त तिथे अंगाने हजर असावं लागतं. फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलने नव्या स्टँडचं सगळ्यात महाग तिकीट ७७ पाउंड केलं, तर सुंदरलँडच्या मॅचला बरोब्बर ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून चालते झाले. २-० पुढे होते, मॅच २-२ झाली. मालकांनी काही दिवसांत निर्णय मागे घेतला. त्याच सुमारास सगळ्या प्रीमियर लीगमध्ये बाहेरून येणाऱ्या फॅन्सचं तिकीट जास्तीत जास्त ३० पाउंड असं ठरलं.

आता जरा कटू बोलतो, रागावू नका. तुम्ही सगळे जे बिघडलंय म्हणताय त्यातलं अर्धं तुमच्यामुळे आहे. म्हणजे टीव्हीवर बघणाऱ्यांमुळे. २०२२ पासूनच्या करारात लीगला परदेशी हक्कांचा पैसा देशातल्यापेक्षा जास्त मिळायला लागला. मॅच शनिवारी दुपारी साडेबाराला का, तर आशियात संध्याकाळ असते म्हणून. इथला माणूस न्यूकॅसलहून लंडनला त्या मॅचला पहाटे निघतो. सोमवारी रात्री आठची मॅच असली की परतीची शेवटची ट्रेन गेलेली असते. आणि सगळ्यात गंमत, शनिवारी दुपारी तीनच्या मॅच इथे टीव्हीवर दाखवायलाच बंदी आहे, पावणेतीन ते सव्वापाच, १९६० च्या दशकापासूनचा नियम, लोकांनी घरी न बसता जवळच्या छोट्या क्लबच्या मॅचला जावं म्हणून. तुम्हाला पुण्यात साडेसातला (थंडीत साडेआठला) ती आरामात दिसते. मी क्लबपासून काही मैलांवर राहतो, मला नाही दिसत.

सदाशिवपेठी_गनर
हे माहीत होतं, पण असं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

पण पाटील साहेब, मग आम्ही काय करायचं? आम्ही खोटे फॅन का? शेवटच्या मॅचा रात्री साडेबारा-दीडला असतात, सकाळी आठला ऑफिस, तरी बघतो. २२-२३, २३-२४, २४-२५, सलग तीन वर्षं दुसरा नंबर बघितलाय, ते दुःख काय इंपोर्टेड आहे का?

निळा_चांद
दुःख लोकल, माल इंपोर्टेड.

म्हापशेकार
पाटीलबाब बरोबर बोलतोय, पण थोडं मधलं पण असतं. माझा मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडनला गेला, तिथे निम्मं गोवा आहे असं समज. तो इथे असताना पक्का युनायटेडचा. आता स्विंडन टाउनच्या मैदानाशेजारी राहतो म्हणून त्यांच्या मॅचला जातो. चौथी डिव्हिजन! हा क्लब एकदाच प्रीमियर लीगमध्ये होता, १९९३-९४, आणि तेव्हा १०० गोल खाऊन खाली गेला. अख्खे १००. मी विचारलं, तुला कंटाळा नाही येत? म्हणाला, अरे इथे कॉर्नर मारणाऱ्याला शिवी दिली तर तो वळून बघतो! टीव्हीवरच्या रोनाल्डोला मी वीस वर्षं शिव्या दिल्या, एकदा नाही बघितलं.

लालपरी
हे भारी आहे 😄

मला मात्र वेगळंच खटकतं. व्हीएआर नाही, टायमिंग नाही. वर-खाली जाण्यात काही अर्थच उरला नाहीये. २०२३-२४ ला जे तीन वर आले तेच तीन खाली गेले, ल्युटन, बर्नली, शेफील्ड. २०२४-२५ ला परत तेच, लेस्टर, इप्सविच, साउदॅम्प्टन. साउदॅम्प्टनचे बारा पॉइंट! डर्बीच्या अकरा पॉइंटांचा २००७-०८ चा विक्रम थोडक्यात वाचला. त्याच लेस्टरने २०१५-१६ ला पाच हजारास एक भाव असताना लीग जिंकली होती, विश्वास बसतो का? आणि तोट्याच्या नियमावरून एव्हर्टनचे पॉइंट कापले, फॉरेस्टचे चार कापले, म्हणजे टेबल बघायला आता सीए लागतो.

झोपाळू_रेड_डेव्हिल
कप मात्र अजून जिवंत आहेत. २०२५ मध्येच बघ, न्यूकॅसलने लीग कप घेतला, देशातली मोठी ट्रॉफी सत्तर वर्षांनी. पॅलेसने एफए कप घेतला, इतिहासातली पहिलीच मोठी ट्रॉफी, सिटीला १-० हरवून. आणि स्पर्सने सतराव्या नंबरावर राहून युरोपा लीग घेतली, कुणाला हरवून ते सांगत नाही.

निळा_चांद
सांग की.

झोपाळू_रेड_डेव्हिल
झोप आलीये.

क्रिकेटवेडा_काका
मूळ प्रश्न राहिला बाजूला. व्हीएआर ठेवायचं की नाही? मतदान घ्या.

सदाशिवपेठी_गनर
मतदान झालंय काका. जून २०२४ ला वुल्व्ह्जने ठराव मांडला की बंद करा. १९ विरुद्ध १. म्हणजे वुल्व्ह्ज एकटेच. स्वीडनमध्ये मात्र क्लबांवर मेंबरांचीच सत्ता आहे, फॅन्सनी नको म्हटलं आणि तिथल्या लीगने आणलंच नाही. माझ्यासाठी उत्तर त्यातच आहे. जिथे मैदानात जाणाऱ्याला मत आहे तिथे नाही आलं, जिथे मालकाला मत आहे तिथे आलं. एक पॉइंट कमी पडला तर किती कोटी जातील हा हिशेब मालक करणार, गोलच्या वेळी ओरडायला मिळालं की नाही हा हिशेब त्याच्या वहीत नाहीच.

एप्रिल २०२४ ची एफए कपची सेमीफायनल आठवा. कोव्हेंट्री, दुसऱ्या डिव्हिजनची टीम, युनायटेडविरुद्ध ०-३ वरून ३-३, आणि एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी चौथा गोल. वेम्बलीची अर्धी बाजू वेडी झाली होती. मग व्हीएआरने रेषा मारल्या, कोव्हेंट्रीच्या राइटच्या पायाचं बोट पुढे. गोल रद्द, पेनल्टीवर हरले. नियमाने बरोबर असेल. मी युनायटेडचा नाही, कोव्हेंट्रीचा तर नाहीच, तरी त्या रात्री टीव्ही बंद केला.

झोपाळू_रेड_डेव्हिल
मी युनायटेडचा आहे. मला पण जिंकल्यासारखं वाटलं नव्हतं, खरं सांगतो.

लालपरी
पण गनर, ते बोट पुढे *होतं* ना? उद्या आर्सेनलविरुद्ध फायनलला असं बोट पुढे असलं आणि गोल दिला तर तू इथे हजार शब्दांचा धागा काढशील, की नाही? खरं सांग. आता ऑफसाइडला सेमी-ऑटोमेटेड आलंय एप्रिल २०२५ पासून, त्या हाताने मारायच्या रेषा गेल्या. वेळ अजून कमी करा, फक्त ऑफसाइड आणि लाल कार्ड ठेवा, हँडबॉलच्या पीएचड्या बंद करा. पण पेद्रो मेंडेसच्या जमान्यात मला परत नाही जायचं.

सदाशिवपेठी_गनर
दोन हजार शब्दांचा काढीन. तरी काढून टाका म्हणेन.

पाटील_लँकेशायर
या शनिवारी तीनला इवूड पार्कला घरची मॅच आहे. पाऊस असणार, असतोच. गनर साहेब, कधी इकडे आलात तर तिकीट माझ्याकडून. फक्त पुण्याचे आहात हे माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याला सांगायचं नाही.

तालमीचा_गोली
सांगू दे की. कोल्हापूरचा हाय म्हण.